भुंग्याची अर्धी पोळी

आमचा कुत्रा भुंगा जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायला लागला, तेव्हा तो तीन वर्षांचा होता. सशासारखी उडी मारायचा. आम्हाला ती त्याची लकबच वाटली. मग एका सकाळी बेल वाजली म्हणून उठायला गेला आणि गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकले. दोनदा धडपडला, तिसऱ्यांदा माझ्याकडे बघत तसाच बसून राहिला. एरवी दाराशी सगळ्यांच्या आधी पोचणारा काळाभोर लॅब्राडोर. ती नजर मी विसरलेले नाही.

गुंगीचं इंजेक्शन देऊन एक्स-रे काढले. हिप डिस्प्लेजिया. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत घट्ट बसायला हवा. भुंग्याची वाटी उथळ, गोळा सैल, आणि घासून घासून दोन्हीकडे संधिवात सुरू झालेला. मी आधी शस्त्रक्रियेचं विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तो मार्ग आहेच. पण आधी त्याला काट्यावर उभं करा." ४१.५ किलो भरला. त्याच्या अंगलटीला ३२ पुरे होते. वेदनाशामक औषध सुरू झालं, थायरॉइडसाठी रक्त तपासलं, ते ठीक निघालं. म्हणजे वजन खाण्याचंच होतं.

त्यांनी मला एक साधी खूण शिकवली. हात सपाट पसरून बोटांच्या मागच्या बाजूवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवायची. हाडं जशी लागतात तशा कुत्र्याच्या बरगड्या लागायला हव्यात. मूठ वळल्यावर जशी टोकं लागतात तशा लागल्या तर कुत्रा फार रोड. तळहाताच्या मांसल भागासारखं लागलं तर जाड. भुंग्याच्या बरगड्या मला दाबूनही सापडेनात.

त्या रात्री मी वही काढली आणि चार दिवस घरात कुणीही त्याला काहीही दिलं तरी लिहायला लावलं. ड्राय फूड आम्ही स्टीलच्या वाटीने द्यायचो, तेही शीग लावून. वजन केलं तर दिवसाला ३५० ग्रॅम जात होतं. त्यावर माझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या, चहाबरोबरची ग्लुकोज बिस्किटं सहा. जेवणानंतर तूप लावलेल्या दोन पोळ्या. माझ्या मुलाच्या ताटातलं उरलेलं पनीर. मी स्वतः रात्री कालवून देत असलेला दहीभात. एका पोळीच्या शंभराच्या वर कॅलरी होतात, तुपाच्या वेगळ्या. बेरीज १,८०० च्या घरात गेली. डॉक्टरांनी मांडलेलं गणित असं: हवं ते वजन ३२ किलो, त्याचा पाऊण (०.७५) घात काढून ७० ने गुणायचं, येतात सुमारे ९४० कॅलरी. आम्ही जवळजवळ दुप्पट घालत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं, मी देते ते जरासंच.

मला सगळ्यात जास्त खंत पिल्लूपणाची आहे. दुकानदाराने सांगितलं म्हणून पिल्लांच्या चांगल्या खाण्यावर वर आणखी कॅल्शियमचं सिरप आम्ही महिनोन्‌महिने पाजलं, हाडं मजबूत होतील म्हणून. मोठ्या जातीच्या पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम नाकारू शकत नाही, आणि त्याने हाडांची वाढच बिघडू शकते. सैल सांधे त्याने आई-बापांकडून आणले असतील, पण गुटगुटीत पिल्लू म्हणून कौतुक करकरून आम्ही त्यांच्यावर ओझं चढवलं. अमेरिकेत लॅब्राडोरच्या ४८ पिल्लांवर केलेला एक अभ्यास आहे. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तेही आयुष्यभर. २००२ मध्ये आलेला निष्कर्ष असा की सडसडीत राहिलेली कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली. खुब्याचा संधिवातही त्यांच्यात कितीतरी उशिरा दिसला. घरी पिल्लू आणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

नुसतं नेहमीचं खाणं अर्धं करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कॅलरींबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही अर्धी होतात आणि चरबीआधी स्नायू झिजतात; ढिला खुबा तर मांडीचे स्नायूच सावरून धरतात. म्हणून वजन उतरवण्यासाठीचं वेगळं खाणं आलं, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजून दिवसाला २६० ग्रॅम, दोन वेळा मिळून. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून वाफवलेला दुधी, लाल भोपळा, फरसबी. मीठ-फोडणी काही नाही. वरच्या खाऊला दिवसाच्या एक दशांश, म्हणजे ९५ कॅलरी.

त्या ९५ कॅलरी मी अण्णांना दिल्या.

अण्णांचं वय ७८. दोन्ही गुडघे दुखतात. दुपारचं जेवण झालं की भुंगा त्यांच्या खुर्चीशी बसणार आणि ते त्याला भरवणार, हा त्यांच्या दिवसातला सगळ्यात आनंदाचा भाग. पहिल्या आठवड्यात ते माझ्याशी धड बोलले नाहीत. "अगं, मुकं जनावर ते, उपाशी ठेवून कुठलं औषध?" एकदा तर स्वतःची दुखण्यावरची गोळी त्याला द्यायला निघाले होते, मी धावत जाऊन हातातून घेतली. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, आयबुप्रोफेनसारख्या, कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात.

मग मी रोज सकाळी एक स्टीलची डबी भरायला लागले. बिनतुपाची अर्धी पोळी, कात्रीने कापून सोळा तुकडे. गाजराच्या चकत्या. "अण्णा, ही तुमची डबी. तुम्हाला हवं तेव्हा, हवं तसं द्या, फक्त यातलंच." सोळा तुकडे म्हणजे सोळा वेळा शेपटी हलते. तुकडा केवढा आहे याच्याशी भुंग्याला काही देणंघेणं नव्हतं.

भूक मात्र त्याची खरी होती. लॅब्राडोरमध्ये साधारण चारातल्या एकात पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यांना भूक जास्त लागते, असं केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलंय. भुंग्याची तपासणी आम्ही केलेली नाही. पण त्याला हावरट म्हणणं मी त्या दिवसापासून बंद केलं.

वजन करायला दर दुसऱ्या रविवारी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्या काकांचा मोठा काटा. मी फडकं घेऊन जाते, नंतर पुसून देते. ३९ किलोवर आला तेव्हा, म्हणजे मूळ वजनाच्या सहा टक्के उतरल्यावर, सकाळचं लंगडणं मला पहिल्यांदा कमी दिसलं. डॉक्टर म्हणाल्या, अभ्यासांतही फरक साधारण तिथूनच दिसायला लागतो. ३५ वर मात्र पाच आठवडे काटा हलेना. शेवटी कळलं, रात्रीचे वॉचमन त्याला रोज एक पाव देत होते, मायेनेच. त्यांनाही काकडीची डबी दिली.

बाकी घरातही बदल झाले. फरशीवर सतरंज्या आणि खाली घसरू नयेत म्हणून रबरी जाळ्या. नखं वेळच्या वेळी. चेंडू बंद, कारण झेपावून गर्रकन वळणं त्या खुब्याला झेपत नाही. त्याऐवजी पट्टा लावून मैदानावर दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं. डॉक्टरांनी माप ठरवून माशाचं तेल दिलंय, त्याच्याही कॅलरी वहीत चढतात. सांध्यांसाठी देतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आम्ही थांबवल्या. त्यांचा पुरावा तोकडा आहे, आणि आम्हालाही फरक दिसला नव्हता.

अकरा महिन्यांनी तो ३२.४ वर आहे. खुबा बरा झालेला नाही, होणारही नाही. नाशिकच्या थंडीत सकाळी अजून आखडतो, वाईट दिवशी औषध लागतं. पण बेल वाजली की उठतो, एका दमात.

आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य झाला की त्यातला वाटा कुत्र्याला देतात, अण्णांनी तो कधी चुकवला नाही. भरतात कांद्याची पात असते आणि कांदा कुत्र्याला विषासारखा, म्हणून कसं सांगायचं या विचारात मी होते. तेवढ्यात अण्णा स्वतःच स्वयंपाकघरात आले, भरीत न लागलेला रोडग्याचा एक कोपरा मोडला, काट्यावर ठेवला, आणि वहीत त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं: प्रसाद, ६ ग्रॅम.