कढीपत्त्यापासून टीव्हीपर्यंत सतरा पावलं

आमच्या वर्गातल्या टीव्हीपासून व्हरांड्याबाहेरच्या कढीपत्त्याच्या झाडापर्यंत सतरा पावलं आहेत. मी ती मोजली, कारण टीव्हीला चित्र पोचवणारी आमच्याकडची एचडीएमआय केबल सातव्या पावलावरच संपते.

शाळा जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी. पहिली ते चौथी मिळून २८ मुलं. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. गावानं लोकवर्गणी काढून ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेऊन दिला, तेव्हापासून पेनड्राइव्हवरचे व्हिडिओ आणि पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवर उघडणारे धडे आम्ही दाखवतोच. मुलांना ते आवडतात. पण त्यातलं सगळं कुठल्यातरी दुसऱ्या गावचं, दुसऱ्या कुणाच्या अंगणातलं असतं.

त्या पावसाळ्यात कढीपत्त्यावर अळ्या आल्या. पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसणारी, बोटाच्या पेराएवढीही नसलेली अळी. मी तिसरी-चौथीच्या मुलांना बाहेर नेलं. पुढच्या चौघांना दिसली, मागच्यांनी माना खुपसल्या, फांदी हलली आणि अळी चिखलात पडली. एक मुलगी मागेच राहिली होती. घरी जाताना ती मला म्हणाली, “बाई, मला नाही दिसली.” फोनचा कॅमेरा अळीपाशी आणि अळी टीव्हीवर, असं काहीतरी करायचंच, हे मी त्या संध्याकाळी ठरवलं. ते जमायला जवळजवळ दीड महिना गेला.

पहिला प्रयत्न अर्थातच वायरीचा. सर म्हणाले, “मॅडम, लांब केबल घेऊ की, त्यात काय.” मी आधी फोनला लावायचं अ‍ॅडॉप्टर आणलं. एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय. लावलं, तर टीव्हीवर ‘सिग्नल नाही’. अ‍ॅडॉप्टर बदलून आणलं, तरी तेच. मग कळलं की टाइप-सी हा फक्त भोकाचा आकार झाला. त्या भोकातून चित्र बाहेर पडायचं असेल तर फोनमध्येच तशी सोय असावी लागते, तिला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. स्वस्तातल्या बहुतेक फोनमध्ये ती नसते, माझ्यातही नव्हती. हे दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते: अ‍ॅडॉप्टर घ्यायच्या आधी फोनच्या माहितीपत्रकात ती सोय आहे का ते बघा. आणि तसंही, वर्गाच्या दारातून पंधरा मीटरची केबल टाकली असती तर पहिलीतली मुलं तिच्यात पाय अडकून पडली असती.

मग वायरीशिवाय. फोनची वरची पट्टी खाली ओढली की ‘कास्ट’ असं बटण दिसतं. मी ते दाबलं. फोन शोधत राहिला, टीव्ही काही सापडेना. एका ओळखीच्या शिक्षकांनी सांगितलं की दोन्ही एकाच वाय-फायवर हवेत. आमच्या शाळेत वाय-फाय पुरवणारा राउटर नाही. रेंज म्हणाल तर पटांगणाच्या खालच्या कोपऱ्यात, पिंपळाखाली. तरी सरांच्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, टीव्ही त्यावर जोडला, माझा फोनही त्यावर जोडला, आणि टीव्हीचं नाव यादीत आलं. मला फार आनंद झाला. यूट्यूबवरची एक कविता लावली, ती टीव्हीवर सुरू झाली. फोन बाजूला ठेवला, त्यावर दुसरं काही उघडलं, तरी टीव्हीवर कविता चालूच.

इथंच मला पहिल्यांदा शंका आली. फोनवरचं टीव्हीवर दिसत असेल, तर फोनवर दुसरं उघडल्यावर टीव्हीवरही दुसरंच दिसायला हवं ना?

ही गोष्ट नीट समजायला मला आठवडा लागला, पण ती समजल्यावर पुढचं सोपं झालं. आपण सगळ्याला ‘कास्ट करणं’ म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूट्यूबमधलं कास्टचं चिन्ह दाबलं की फोन टीव्हीला फक्त पत्ता सांगतो, की हा व्हिडिओ अमुक ठिकाणी आहे, तू लाव. टीव्ही स्वतः इंटरनेटवरून तो आणतो आणि फोन नुसता रिमोट उरतो. २०१३ साली आलेल्या क्रोमकास्टनं हा प्रकार घरोघरी नेला. दुसरा प्रकार मिररिंगचा. त्यात फोन आपल्या पडद्यावरचं प्रत्येक चित्र त्या क्षणी आवळून टीव्हीकडे पाठवत राहतो, आरशासारखं. कॅमेऱ्यातली अळी इंटरनेटवर कुठेच नसते. तिचा पत्ता टीव्हीला देणार कसा? मला हवं होतं ते मिररिंग.

कास्टच्या वाटेनं अख्खा पडदाही पाठवता येतो, तेही करून पाहिलं. पण सरांचा फोन पिंपळाखालून वर्गात आणला की रेंज जायची आणि सगळं अडखळायचं. शिवाय रोज सरांचा फोन अडकवून ठेवायचा, त्यांचा डेटा खर्च करायचा, हे मला पटत नव्हतं.

राउटरही नको आणि इंटरनेटही नको, अशी एक वाट आहे. तिचं नाव मिराकास्ट. वाय-फाय अलायन्स या संघटनेनं २०१२ साली आणलेली ही पद्धत. यात फोन आणि टीव्ही वाय-फाय डायरेक्टनं थेट एकमेकांशी बोलतात, मध्ये कुणी लागत नाही. डोंगरातल्या शाळेसाठी याहून चांगलं काय असणार! अडचण एवढीच की प्रत्येक फोनमध्ये ते नसतं. सॅमसंगमध्ये ते ‘स्मार्ट व्ह्यू’ या नावाखाली मिळतं, इतर अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये ‘कास्ट’, ‘स्क्रीनकास्ट’, ‘वायरलेस डिस्प्ले’ अशी नावं. आयफोनमध्ये मिराकास्ट नाही, त्याची स्वतःची एअरप्लेची वाट आहे आणि ती चालायला टीव्हीतही एअरप्ले लागतं. गूगलच्या पिक्सेलमध्येही मिराकास्ट मिळत नाही. माझ्या फोनची सगळी सेटिंग्ज मी दोन रात्री चाळली. नव्हतंच.

घरी कपाटात माझ्या नवऱ्याचा जुना फोन पडला होता. काचेला कोपऱ्यात तडा गेलेला, सिम काढलेलं. चार्ज करून पाहिला, तर त्यात ‘वायरलेस डिस्प्ले’ होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत नेला. टीव्हीवर आधी ‘स्क्रीन मिररिंग’ उघडून ठेवावं लागतं, नाहीतर तो फोनला दिसतच नाही. ते उघडलं, फोनवर शोधलं, टीव्हीचं नाव आलं, दाबलं. टीव्हीवर विचारलं, परवानगी द्यायची का? रिमोटनं ‘हो’ म्हटलं. आणि तडा गेलेल्या त्या फोनचा पडदा भिंतीवर उजळला. सिम नाही, इंटरनेट नाही, रेंज नाही. वर्गात टाळ्या वाजल्या.

अर्ध्या मिनिटात चित्र गोठलं आणि जोडणी तुटली.

पुढचे आठ-दहा दिवस हेच चाललं. जोडायचं, तुटायचं. मी एकेक गोष्ट बदलून वहीत टिपत गेले. फोनचं बॅटरी सेव्हर बंद केलं, थोडा फरक पडला. कॅमेरा उघडून ठेवला तरी दोन मिनिटांनी पडदा झोपी जायचा आणि त्याबरोबर मिररिंगही बंद व्हायचं. पडदा मालवण्याची वेळ दहा मिनिटं केली, ती अडचण संपली. पण गोठणं काही थांबेना. शेवटी लक्षात आलं की टीव्ही अजून सरांच्या हॉटस्पॉटला जोडलेलाच होता. सर वर्गात आले की तो तिकडेही बोलायचा आणि त्या जुन्या फोनशीही. टीव्हीतला वाय-फायचा रेडिओ एकच, आणि दोन्ही जोडण्या वेगवेगळ्या चॅनलवर, म्हणजे वाय-फायच्या वेगवेगळ्या लहरींवर असतील तर त्याला सारखं इकडून तिकडे पळावं लागतं. मी टीव्हीतून तो हॉटस्पॉट कायमचा काढून टाकला. त्या दिवसापासून पूर्ण तास जोडणी टिकते. मिररिंग अडखळत असेल तर फोन आणि टीव्ही दोन्हीकडची इतर वाय-फाय आधी सोडवा, बाकीचे उपाय नंतर.

उशीर मात्र राहतोच. फोन हलवला की टीव्हीवरचं चित्र किंचित मागून येतं. तो किती, हे आम्ही मोजलं. सरांच्या फोनवर स्टॉपवॉच लावलं, ते मिररिंगच्या कॅमेऱ्यासमोर धरलं आणि माझ्या फोननं स्टॉपवॉच आणि टीव्ही दोन्ही एका फोटोत घेतले. दोन आकड्यांची वजाबाकी चौथीच्या मुलांनी केली. तीन दशांश सेकंदांच्या आसपास आलं. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू केल्यावर परत मोजलं, ते थोडं कमी झालं. अळी बघायला एवढा उशीर चालतो.

एक गोष्ट मी सगळ्या शिक्षकांना कळकळीनं सांगते. स्वतःचा रोजचा फोन मिररिंगला लावू नका. मधल्या काळात दुसऱ्या एका शाळेतल्या पालकसभेत मी माझ्या रोजच्या नव्या फोनवरून पडदा दाखवत होते, आणि चालू सभेत बँकेचा ओटीपी वरून घसरत सगळ्यांसमोर आला. त्यामागोमाग घरचा एक मेसेज, तोही अगदी खाजगी. पडदा सगळ्यांचा झाला की फोनवर येणारं सगळंच सगळ्यांचं होतं. लावावाच लागला तर ‘व्यत्यय आणू नका’ आधी चालू करा. त्याच सभेत शिष्यवृत्तीचं खातं कसं तपासायचं ते दाखवायला बँकेचं अ‍ॅप उघडलं, तर टीव्हीवर नुसता काळा चौकोन. मला वाटलं पुन्हा तुटलं. तुटलं नव्हतं. अशी अ‍ॅपं आपला पडदा बाहेर जाऊच देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आता तो जुना फोन शाळेचा झाला आहे. त्यात सिम नाही, कुणाचं खातं नाही, कॅमेरा आणि थोडे व्हिडिओ एवढंच.

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी हे दाखवलं तेव्हा तिथे टीव्ही नव्हता, जुना प्रोजेक्टर होता. त्याला लॅपटॉप वायरीनं जोडला आणि लॅपटॉपलाच टीव्ही बनवलं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘या पीसीवर प्रोजेक्ट करणे’ असा भाग आहे. त्यासाठी ‘वायरलेस डिस्प्ले’ हे ऐच्छिक वैशिष्ट्य आधी उतरवून घ्यावं लागतं आणि त्याला इंटरनेट लागतं, म्हणून घरूनच करून जावं. उलट, लॅपटॉपचा पडदा टीव्हीवर न्यायचा असेल तर विंडोजची कळ आणि के एकत्र दाबायची.

वर्गात याचा सगळ्यात मोठा उपयोग अळीसाठी झाला नाही, वह्यांसाठी झाला. फोन हातात घेऊन मी बाकांमधून फिरते. एखाद्याच्या वहीवर धरते आणि त्याचं गणित भिंतीवर येतं. फळ्यावर यायला घाबरणारी मुलं आपल्या जागेवर बसूनच वर्गाला आपली रीत समजावतात. तिसरीतल्या एका मुलानं हातच्याची वजाबाकी तीन वेगळ्या पायऱ्यांत मांडली होती. ती मी एरवी घाईत लाल पेनानं खोडली असती. मोठी दिसली तेव्हा ती बरोबर असल्याचं मलाच कळलं. जास्वंदीचं फूल ब्लेडनं उभं कापून कॅमेऱ्याखाली धरलं, तेव्हा पुंकेसरांवरचे परागकण मागच्या बाकावरून मोजायला लागली मुलं. फोन आडवा धरायचा, एवढं लक्षात ठेवावं लागतं. उभा धरला तर टीव्हीच्या मधोमध एक अरुंद पट्टी दिसते आणि दोन्ही बाजूंना काळोख.

पुढच्या पावसाळ्यात अळ्या परत आल्या. लिंबाळी फुलपाखराच्या. तोपर्यंत मी फोनला चिमट्यासारखी अडकवायची एक छोटी भिंगही आणली होती. मुलांना वर्गात बसवलं, खिडक्या आणि दार सताड उघडं ठेवलं, कारण दार लावलं की चित्र अडकतं, आणि सतरा पावलं चालत झाडापाशी गेले. हात स्थिर राहावा म्हणून फोन खुर्चीच्या पाठीवर टेकवला. आतून एकदम गलका झाला, म्हणजे चित्र पोचलं होतं.

अळी आता हिरवी झाली होती. मानेवर दोन डोळ्यांसारखे ठिपके. सगळ्यांना तेच डोळे वाटले. मागच्या वर्षी जिला दिसली नव्हती, ती मुलगी आता चौथीत होती. खिडकीतून तिचा आवाज आला, “बाई, ते डोळे नाहीत. तोंड खाली आहे. बघा, खाली पान खातेय.” मी फोनच्या छोट्या पडद्यावर निरखून पाहिलं. तिचं बरोबर होतं. खरं डोकं ठिपक्यांच्या खाली, पानाच्या कडेला लागलेलं, इवलंसं.

मग मी काडीनं अळीला हळूच स्पर्श केला. डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. आतल्यांना शिंगं दिसली, वास काही पोचला नाही. तो घ्यायला दोघं-दोघं करून सगळी बाहेर आली, आणि या वेळी फांदी कुणी हलवली नाही.