एलेक्ट्रा वाचन-नोंद: मिलर पर्व संपलं, 'असॅसिन'ही हातावेगळं

मंडळी, मोठा टप्पा पार पडला. मार्व्हलच्या 'डेअरडेव्हिल' कॉमिकचे, एलेक्ट्रा या मारेकरी नायिकेची मूळ गोष्ट सांगणारे, फ्रँक मिलरचे अंक १६८ ते १९० सलग वाचून झाले आणि त्यापाठोपाठ 'एलेक्ट्रा: असॅसिन'चे आठही अंक. वहीत रेखाटनं चालूच आहेत. मध्ये मध्ये चित्रपट आणि मालिकाही पुन्हा पाहिल्या. ज्यांचं वाचन अजून व्हायचंय त्यांनी जपून पुढे जा, कथानक सगळं उघड होणार आहे.

अंक १६८ जानेवारी १९८१ चा. फ्रँक मिलर तोवर दुसऱ्याच्या कथांना चित्रं देत होता, इथून लेखनही त्याच्याकडे आलं आणि पहिल्याच फटक्यात त्याने एलेक्ट्रा नाचिओस आणली. कोलंबिया विद्यापीठात मॅट मर्डॉकवर (म्हणजे पुढच्या डेअरडेव्हिलवर) जीव लावलेली, ग्रीक राजदूताची मुलगी. ओलीसनाट्यात वडील मारले जातात आणि ती मॅटला, शिक्षणाला, सगळ्यालाच पाठ फिरवून निघून जाते. परत येते ती पैसे घेऊन माणसं शोधणारी बाउंटी हंटर म्हणून. गुन्हेगारी जगताचा बादशहा किंगपिन, त्याची खास मारेकरी ती पुढे होते. सलग वाचल्यामुळे ही चढण नीट दिसली. तिला कोणी ढकललेलं नाही. मॅटचा गुरू स्टिक याच्या लोकांनी तिला नाकारलं, हँड या निंजांच्या गुप्त संघटनेच्या वाटेला ती आपणहून गेली, किंगपिनचं काम आपणहून घेतलं. ती आपल्या निर्णयांची धनी आहे, आणि मला ती आवडते ती नेमकी यासाठी.

अंक १८१ वर मी सगळ्यात जास्त रेंगाळले. एप्रिल १९८२ चा हा दुप्पट पानांचा अंक बुल्सआय या भाडोत्री मारेकऱ्याच्या तोंडून सांगितलेला आहे. तुरुंगात बसून त्याला कळतं की किंगपिनकडची आपली जागा एका बाईने घेतली आहे. इकडे एलेक्ट्रा मॅटचा मित्र फॉगी नेल्सन याला मारायला निघालेली असते. भेदरलेला फॉगी तिला ओळखतो, तू कॉलेजातली मॅटची मैत्रीण ना, असं म्हणतो, आणि तिचा हात थांबतो. ती त्याला जाऊ देते. मिलरने इथे तिच्या मनातलं एक अक्षरही लिहिलेलं नाही, सगळं काम चेहऱ्यावर सोडलंय. त्यानंतर लगेच बुल्सआय तिला गाठतो. खेळातल्या पत्त्याने गळा चिरतो आणि तिचीच साय (त्रिशूळासारखं छोटं हत्यार) तिच्या पोटात खुपसतो.

ते पॅनेल, म्हणजे ती चित्रचौकट, मी पेन्सिलने उतरवून पाहिलं. हत्याराचं टोक पाठीतून बाहेर आलेलं दाखवलेलं नाही. पाठीवरचं कापड आतून ताणून वर उचललं गेलंय, इतकंच. रक्त जवळजवळ नाही, तरी पोटात गोळा येतो. काढताना कळलं की सगळा भार त्या ताणलेल्या कापडाच्या दोन-तीन रेषांवर आहे. त्या जरा सैल पडल्या की प्रसंगच जातो. क्लाउस जॅन्सनच्या शाईचं मोल तिथे समजतं. मिलरच्या पेन्सिलीवर त्याने काळ्या रंगाचे जे सपाट तुकडे टाकलेत, त्यांच्याशिवाय ही पानं इतकी थंड वाटली नसती. मग ती सरपटत मॅटच्या दारापर्यंत जाते आणि त्याच्या हातांत प्राण सोडते. अंक १८२ मध्ये मॅटला हे पटतच नाही, तो थेट थडगं उकरतो. १९० मध्ये हँड तिला पुन्हा जिवंत करायचा प्रयत्न करतं, आणि शेवटी डोंगरमाथ्यावर पांढऱ्या वेशातली एलेक्ट्रा दिसते. माझ्या मते तिची मूळ गोष्ट इथे पूर्ण होते.

साय काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ओकिनावाची पारंपरिक साय सहसा धारेची नसते. काठीचा वार अडवायचा, अडकवायचा, ठोसायचं, हे तिचं काम. मिलरने ती सुऱ्यासारखी वापरलीय. म्हणून फक्त कॉमिक्स बघून पकड काढली की बोटं चुकतात. कोबुदोच्या (ओकिनावाच्या शस्त्रविद्येच्या) सरावाची छायाचित्रं समोर ठेवा, अंगठा कुठे टेकतो ते बघा.

'असॅसिन' (१९८६-८७) हे वेगळंच प्रकरण. लेखन मिलरचं, पण पान बिल सिंकेविचचं. जलरंग, झेरॉक्स, लहान मुलाने काढल्यासारखी चित्रं, सगळं एकाच पानात. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार केन विंड जिथे येईल तिथे तोच एक हसरा छापील चेहरा, जणू भिंतीवर चिकटवलेलं प्रचाराचं पोस्टर. पहिला अंक वेड्यांच्या इस्पितळात, तुटक आठवणींमध्ये घडतो. तिथे घाई करू नका. दुसऱ्यांदा वाचल्यावर धागे जुळतात. या कथेत ती तिच्या मागावरच्या गॅरेट या सरकारी एजंटच्या डोक्यात शिरून त्याला हवा तसा वापरते, आणि तरी आपली सहानुभूती तिच्याच बाजूला राहते. हे साधणं फार अवघड आहे.

आता पडद्याबद्दल. २००३ च्या 'डेअरडेव्हिल'मध्ये जेनिफर गार्नरची एलेक्ट्रा मारेकरी नाहीच, वडिलांच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेली मुलगी आहे. २००५ च्या चित्रपटात ती मारेकरी आहे, पण कथा लवकरच एका खास शक्तीच्या मुलीला वाचवण्याकडे वळते. गार्नर मेहनत घेते, पटकथा तिला काही देत नाही. 'डेअरडेव्हिल' मालिकेच्या २०१६ च्या मोसमातली एलोडी युंगची एलेक्ट्रा मात्र मला मनापासून आवडली. मॅटच्या बापाला मारवणाऱ्या स्वीनीला ती मॅटच्या पुढ्यात बांधून ठेवते आणि मार म्हणते. मॅट नकार देतो, आणि तिच्या चेहऱ्यावरची सगळी मजा उतरते. ती एलेक्ट्रा होती. पुढे तिला 'ब्लॅक स्काय' ठरवलं, म्हणजे जन्मापासूनच अस्त्र असणं तिच्या नशिबी लिहिलेलं. तिथे माझा विरोध आहे. नशीब लादलं की फॉगीला सोडून देण्याला काय अर्थ उरतो? त्या मोसमाच्या शेवटी ती स्वतःहून वार अंगावर घेते, तेव्हा थोडी परत सापडते. 'डिफेंडर्स' या पुढच्या मालिकेत पुन्हा हरवते.

पुढचा बेत: आधी 'एलेक्ट्रा लिव्ज अगेन' (१९९०), लिन व्हार्लीच्या रंगांसाठी. मग ब्लॅकमन आणि डेल मुंडो यांची २०१४ ची कॉमिक मालिका. शेवटी चिप झ्डार्स्कीचं 'डेअरडेव्हिल' पर्व, जिथे २०२० मध्ये ती स्वतःच डेअरडेव्हिलचा वेश चढवते आणि जीव न घेता लढायचा प्रयत्न करते. नव्वदच्या दशकातल्या अंकांपैकी काय वाचावं आणि काय सोडावं, हे ज्यांनी वाचलंय त्यांनी नक्की सांगा.