भाराची बेरीज

इंदूर, बुधवार, रात्री साडेअकरा

आज बेरीज जुळली. तीन आठवड्यांचं ओझं उतरलं.

सरांचा प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूचा, कोड मी जीपीयूवर आणतेय, म्हणजे हजारो हिशेब एकदम करणाऱ्या चिपवर. मूळ कोड फोर्ट्रान ७७ या जुन्या संगणकभाषेतला. ७२ व्या रकान्यापुढे काही लिहिलं तर कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम) वाचतच नाही, ती पंचकार्डांच्या काळातली शिस्त. अर्ध्याअधिक गोष्टी कॉमन ब्लॉकमध्ये, म्हणजे कोडच्या कुठल्याही भागातून बदलता येणाऱ्या सामायिक जागेत, त्यामुळे कोण कुठे काय बदलतंय हे हुडकण्यातच पहिला आठवडा गेला. पण भौतिकशास्त्र अगदी चोख. कणांनी आपला विद्युतभार जाळीवर टाकायचा, त्यावरून क्षेत्र काढायचं, क्षेत्राने कण पुढे ढकलायचे, की पुन्हा पहिल्यापासून.

जुन्या मशिनवर कण एकामागून एक यायचे. जीपीयूवर हजारो थ्रेड, म्हणजे कामाचे धागे, एकदम धावतात आणि दोघं जाळीच्या एकाच खणावर आले की घोळ होतो. समजा, बँकेच्या खात्यात १०० आहेत. दोघांनीही १०० वाचले, दोघांनी १०-१० मिळवून ११० लिहिले. १२० झालेच नाहीत. तसा माझा भार गळत होता, दर रनला वेगळा. आलेख मात्र इतके सुबक दिसत होते की मला शंकाही आली नाही.

चूक पकडली ती सरांच्याच एका ओळीने. दर १०० पायऱ्यांनी एकूण भार छापणारी ती ओळ वेग खाते म्हणून मी पहिल्याच आठवड्यात बंद केली होती. आज सकाळी सहज सुरू केली आणि पोटात गोळा आला. मग भर टाकण्याची क्रिया ॲटोमिक केली, म्हणजे एकाचं वाचून-लिहून होईपर्यंत दुसरा थांबतो.

तरी शेवटचे दोन-तीन अंक दर रनला हलतातच. संगणकाच्या दशांश बेरजेत दर वेळी शेवटचे अंक छाटले जातात, त्यामुळे क्रम बदलला की गोळाबेरीज किंचित बदलते, हे पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांसमोर बघून धास्तावले. संध्याकाळी थेट रामबागेत सरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून कागद बराच वेळ बघितला.

"अगं, कंपायलर बदलला की आमच्याकडेही हे अंक हलायचे. एकूण भार टिकला ना?"

"टिकला, सर."

"मग एकूण ऊर्जा बघ. ती हळूहळू बदलत गेली तर मला रात्री फोन कर, कितीही वाजू देत."

काकूंनी चहा पुन्हा गरम करून दिला.

ऊर्जेचा रन आत्ता लावलाय. उद्या कण खणांप्रमाणे क्रमाने लावून, एका खणाच्या कणांची बेरीज आधी एकत्र करून मगच जाळीवर टाकून बघायची, ॲटोमिकपाशी होणारी खोळंबा-खोळंबी कमी व्हायला हवी.