तुम्ही विचारलंत म्हणून : त्या ट्रकचं पुढे काय झालं?

आमच्या इंदूरात सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाला मध्यंतर झालं की चहाच्या रांगेत कुणीतरी हमखास खांद्यावर हात ठेवतं. "काय काका, त्या विजेच्या ट्रकचं पुढे काय झालं?" राजेंद्रनगरात लग्नमुंजीच्या पंगतीतही हेच. मी "चाललंय" म्हणतो आणि साखर ढवळत बसतो, कारण तिसरी घंटा होईपर्यंत सांगून संपेल असं ते प्रकरण नाही. आता सवडीने सांगतो.

आधी थोडक्यात. तीन ट्रक बनले, कंपनी बंद झाली, एक ट्रक अजून चालतो.

मी पिथमपूरचा माणूस. म्हणजे राहायला इंदूरात, पण २७ वर्षं कंपनीच्या बसने पिथमपूर. १९८६ साली आयशरने मित्सुबिशीच्या साथीने तिथे कँटर हा छोटा ट्रक बनवायला घेतला, तेव्हापासून त्या माळरानावर ट्रकच ट्रक. मी तिथल्याच एका कारखान्यात टेस्टिंगला होतो. गाडी मोडेपर्यंत चालवायची आणि कुठून मोडली ते लिहून काढायचं, याचा मला पगार मिळायचा. २०२० साली रिटायर झालो. पुढच्याच वर्षी दोन पोरं घरी आली. एक इंदूरच्याच एसजीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, दुसरा पुण्याहून नोकरी सोडून आलेला. साडेसात टनी इलेक्ट्रिक ट्रक करायचा म्हणाले. मी हो म्हटलं. ही आतून म्हणाली, "रिटायर झालात ना? मग डबा कुणाचा भरू?"

शेड भाड्याची. चेसिस बाहेरून, अ‍ॅक्सल बाहेरून, कमानपाटे बाहेरून, सेल चीनमधून. आमचं स्वतःचं काम म्हणजे ह्या सगळ्या परक्या मंडळींना एका घरात नांदवणं. बॅटरीत १६८ सेल एकामागे एक जोडलेले, प्रत्येक सेल ३.२ व्होल्टचा. एक जरी सेल मागे पडला तरी सगळ्यांनी त्याच्यासाठी थांबायचं. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पहिला ट्रक दहा महिन्यांत उभा राहिला. नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या सरकारी केंद्रावर नेला. पिथमपूरची ती ११.३ किलोमीटरची लंबगोल ट्रॅक ताशी २५० च्या वर पळणाऱ्या गाड्यांसाठी बांधलेली, आणि आमचा ट्रक ७० ला! शर्यतीत दूधवाल्याने सायकल घातल्यासारखं दिसत होतं. पण पोरांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही असेल, ऊन फार होतं.

ट्रॅकवर सगळं गुळगुळीत असतं. मी म्हटलं, घाटात चला.

इंदूरहून मुंबईकडे जाणारा आग्रा-मुंबई रस्ता मानपूरच्या पुढे पठार सोडतो आणि नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. खलघाटला नर्मदा ओलांडेपर्यंत आपण साधारण चारशे मीटर खाली आलेलो असतो. मधला गणेश घाट इकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे, तोही वाईट कारणांसाठी. डिझेल वाचवायला लोक न्यूट्रल करून गाडी सोडून द्यायचे, ब्रेक तापायचे आणि मग पेपरात बातमी यायची.

आमचा उस्ताद तीस वर्षं ह्याच रस्त्यावर ट्रक चालवलेला. मानपूरच्या अलीकडे एका ढाब्याच्या आवारात चार्जर होता. तिथे चहाला थांबलो आणि मी जुन्या सवयीने म्हणालो, "घाट आहे पुढे. टाकी फुल्ल करून घ्या." बॅटरी शंभर टक्के भरून निघालो.

पाहिजे ती नेमकी उलटी गोष्ट मी केली होती. विजेची गाडी उतारावर आवरते ती मोटरच्या जोरावर. मोटर तेव्हा जनरेटर होते, चाकांना मागे ओढते आणि ती वीज बॅटरीत जाते. एवढ्या उतारावर तीन-चार युनिटं परत मिळायला हवीत. पण बॅटरी गळ्यापर्यंत भरलेली. तिने दार लावून घेतलं आणि मोटरचं ओढणं बंद झालं. उस्तादचा हात सवयीने गिअरच्या दांडीकडे गेला. डिझेलचा ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये टाकला की इंजिनच त्याला धरून ठेवतं. इथे दांडीच नव्हती.

"साहब, दूसरा गियर किधर है?"

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. मागे वाळूची साडेतीन टन पोती, समोर वळण, केबिनमध्ये ब्रेकलायनर जळाल्याचा वास. उस्तादने घाई केली नाही. ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबायचा, सोडायचा, दाबायचा, असं करत गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन उभी केली. खाली उतरून चाकाखाली दगड लावले, मग बिडी पेटवली. मी त्याच्याकडे एक मागितली. मी बिडी ओढत नाही.

त्या दिवसापासून केबिनच्या दारावर आतून रंगाने लिहिलं : घाटाआधी ८५ च्या वर नाही. पुढे सॉफ्टवेअरमध्येही ती मर्यादा घातली. उस्तादचा विश्वास मात्र रंगावरच.

आता लोक ज्यावरून हटकून टोमणा मारतात ते सांगतो. "तुमचीही त्या अमेरिकेच्या कंपनीसारखीच गत का?" म्हणजे निकोला. त्यांनी २०१६ च्या डिसेंबरात ट्रक दाखवला आणि २०१८ मध्ये तो रस्त्यावर धावतानाचा व्हिडिओ काढला. २०२० च्या सप्टेंबरात बाहेर आलं की ट्रक स्वतःच्या ताकदीने धावतच नव्हता, उतारावर नुसता सोडून दिला होता. संस्थापकाला २०२२ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं, २०२३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली आणि २०२५ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. त्याच्या महिनाभर आधी कंपनीने दिवाळं जाहीर केलं होतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. ट्रक उतारावर सोडलाय हे ओळखायला अमेरिकेत शेअरबाजारातली शोधसंस्था लागते? आमच्या गणेश घाटात हे रोज चालायचं.

पण निकोलाची सगळ्यांना आठवते ती व्हिडिओची गोष्ट, आणि मला दुसरीच आठवते. पुढे त्यांनी खरोखर चालणारे ट्रक बनवले होते. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांच्याच आवारात ट्रकना आग लागली आणि ऑगस्टमध्ये बॅटरीवाले सगळे २०९ ट्रक परत मागवावे लागले. कारण काय, तर बॅटरी पॅकच्या आत कूलंटची, म्हणजे बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाची, गळती. पाझर! खोटारडेपणासाठी कोर्ट आहे. पाझरासाठी रात्री टॉर्च घेऊन चेसिसखाली झोपणारा माणूस लागतो, आणि तसा माणूस कंपनीच्या सादरीकरणात कुठल्याच पानावर नसतो.

आमच्याकडेही एक गुंतवणूकदार आले होते. ड्रोनने व्हिडिओ काढा म्हणाले, घाटात छान दिसेल. मी एकच अट घातली, गाडी चढताना काढायचा. पोरांनी ऐकलं. व्हिडिओत ट्रक इतका हळू चढतो की मागून एक बैलगाडी येतेय का असं वाटतं. त्या गृहस्थांचा परत फोन आला नाही.

मधलं एक वर्ष कागदात गेलं. २०२२ च्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या. सरकारने बॅटरीचे नियम कडक केले, त्यातले काही डिसेंबर २०२२ पासून आणि उरलेले मार्च २०२३ पासून. नियम बरोबरच होते, मी असतो तर आणखी कडक केले असते. पण आमचा पॅक पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. पगार तेवढे दर महिन्याला ठरल्या तारखेला देत होतो.

मग गिऱ्हाईक. पोरांची नजर सोयाबीन आणि सिमेंटवर. मोठा बाजार, मोठे आकडे. मी म्हटलं, अरे, आपली बॅटरी आठशे किलोची. इंजिन, गिअरबॉक्स, डिझेलची टाकी काढली त्याचे साडेचारशे वजा करा, तरी साडेतीनशे किलो लोड कमी बसणार. सोयाबीनवाला किलोवर भाडं देतो. तो दर खेपेला आपल्याला साडेतीनशे किलो शिव्या देईल. सांवेर रोडला जा आणि नमकीनवाले गाठा.

शेवेचं कसं असतं, ट्रक छतापर्यंत भरतो पण काट्यावर वजन भरत नाही. खोक्यांत निम्मी हवाच. बॅटरीचं ओझं तिथे कुणाला कळतही नाही. शिवाय फेरी ठरलेली. सकाळी गोडाऊन, संध्याकाळी परत, रात्री चार्जिंग. माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढं हुशारीचं वाक्य दुसरं बोललो नसेन. पण ते बोलायला मला दोन वर्षं लागली, आणि तोवर पहिले दोन ट्रक सिमेंटच्या हिशेबाने बनून गेले होते.

तिसरा ट्रक एका सेठकडे लावला. लोहामंडीत त्यांचा जुना ट्रान्सपोर्टचा धंदा. नमकीन भरून घाटाखाली धामनोदला, येताना रिकामी क्रेट. हिरवी पाटी, तिच्यावर पिवळी अक्षरं. परमिट लागत नाही याचं सेठना फार कौतुक. चार महिने सुरेख गेले. डिझेलपेक्षा विजेचा खर्च एवढा कमी की सेठ हिशेब दोनदा तपासायचे, आपल्याला कुणी फसवतंय की काय म्हणून.

मे महिन्यात दुपारी दोनला उस्तादचा फोन. "साहब, कछुआ आ गया." चढाला डॅशबोर्डवर कासवाचं चित्र लागलं की समजायचं गाडीने ताकद आखडती घेतली. मला वाटलं मोटर तापली. मोटर तापली होतीच, पण ती का तापली ते संध्याकाळी कळलं. कूलंटचा पंप थांबला होता. पंपही चांगला होता. त्याच्या शेंडीला जो कनेक्टर असतो, अंगठ्याएवढा, काळ्या प्लास्टिकचा, त्याच्या आतली एक पिन हिरवी पडली होती. पाणी गेलं होतं. पुरवठादाराने मधल्या खेपेपासून रबराची सील असलेला कनेक्टर बदलून बिनसीलचा दिला होता आणि आम्हाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे आलेला माल कोण तपासत होतं? मीच.

पिन जळताना तिने पंपाचा कंट्रोलरही सोबत नेला. तो परदेशातून यायचा. ट्रक एकोणीस दिवस उभा राहिला.

एकोणीस दिवस सेठनी भाड्याच्या कँटरने माल पाठवला. हप्ता त्यांचा चालूच होता, तोही मुश्किलीने मिळालेल्या कर्जाचा. जुनी गाडी बाजारात कितीला जाईल हे कुणालाच सांगता येत नसल्यामुळे फायनान्सवाले व्याज चढं लावतात. मी हिशेब मिटवायला गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. समोसा मागवला आणि म्हणाले, "साहब, गाड़ी आपकी अच्छी है. लेकिन कैंटर का पार्ट तो पान की दुकान पे मिल जाता है."

अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. देवास नाक्यावर रात्री अकराला कँटरचा वॉटरपंप मिळतो, आणि तो बसवणारा मुलगाही तिथेच झोपलेला असतो. ते दुकान उभं राहायला पस्तीस-चाळीस वर्षं लागली. आमच्याकडे तीन ट्रक होते आणि मी होतो.

पोरांनी पुढच्या पैशासाठी वर्षभर बंगळूर-मुंबई केलं. प्रत्येक जण विचारायचा, वर्षाला किती ट्रक बनवाल? किती पार्ट कपाटात ठेवाल हे एकानेही विचारलं नाही. परदेशात बडे बडेही असेच आडवे झाले. २०२३ मध्ये व्होल्टा ट्रक्स बुडाली, कारण तिला बॅटऱ्या देणारी प्रोटेरा दोन महिने आधी दिवाळ्यात गेली होती. घर बांधता बांधता वीटभट्टीच बंद पडावी तसं. रिव्हियन तगली म्हणतात, पण २००९ मध्ये सुरू होऊन तिची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली ती २०२१ मध्ये. बारा वर्षं न विकता जगायचं तर पाठीशी केवढा पैसा लागतो!

२०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही शेडची किल्ली परत केली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये केंद्राने पीएम ई-ड्राइव्ह या विजेच्या गाड्यांच्या योजनेत ट्रकला अनुदान जाहीर केलं, एका ट्रकमागे जास्तीत जास्त ९.६ लाख. चार जणांनी मला कात्रण पाठवलं, "अरेरे, थोडं थांबला असतात." त्यातली अट त्यांनी वाचली नव्हती. बॅटरीची हमी पाच वर्षं किंवा पाच लाख किलोमीटर. आमची कंपनीच मुळी साडेतीन वर्षं जगली. हमी कुणाच्या नावावर देणार होतो?

पोरांचं ठीक आहे. एक बसच्या बॅटऱ्यांवर काम करतो, दुसरा पुण्याला परत गेला. दोघं दिवाळीला येऊन जातात. पहिला ट्रक एका कॉलेजला दिला, मुलं उघडून बघतात. दुसरा सुटा करून त्याचे पार्ट मी माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवले, म्हणून आमची स्कूटर गेली दीड वर्ष पावसात उभी आहे. हिने बोलणं सोडून दिलंय.

तिसरा सेठकडेच आहे. धामनोदला नाही पाठवत, गावातल्या गावात नमकीन टाकतो. सेठ विकायला तयार नाहीत आणि विकत घ्यायलाही कुणी तयार नाही. परवा रविवारी सकाळी पोहे पुढ्यात आले आणि फोन वाजला. "साहब, कछुआ." मी दहाचा पाना, टॉर्च आणि सीलवाले दोन कनेक्टर पिशवीत टाकले. निघताना ही म्हणाली, "पोहे झाकून ठेवते."