मुलगा येईपर्यंत ठेवता येईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला सोलापुरात हा प्रश्न वरचेवर येतो, आणि बहुधा रात्रीच्या फोनवर येतो: “वडील गेलेत. धाकटा अमेरिकेहून निघालाय, परवा पोचेल. तोवर मयत घरात ठेवता येईल का?” त्याच्या पाठोपाठ, जरा आवाज खाली करून: “आणि आपल्यात असं ठेवलेलं चालतं का?”

दोन्हींचं उत्तर ‘हो’ आहे. पहिल्या ‘हो’ला मात्र अटी आहेत, आणि त्या पहिल्या दोन-तीन तासांतच पाळाव्या लागतात. नेमक्या त्या वेळी घरात रडारड असते, कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते मिळेपर्यंत माणसाचं पहिल्याकडे लक्ष लागत नाही.

दशरथ गेला तेव्हा राम-लक्ष्मण वनात होते आणि भरत-शत्रुघ्न आजोळी, केकय देशात. अग्नी द्यायला एकही मुलगा जवळ नाही. वाल्मीकि रामायणाच्या अयोध्याकांडात सांगितलंय की राजाचं शरीर तैलद्रोणीत, म्हणजे तेलाने भरलेल्या कुंडात ठेवलं, दूत पाठवले आणि भरत येईपर्यंत सगळे थांबले. भरताच्या परतीच्या वाटेतच सात रात्री गेल्या. लांबच्या मुलासाठी थांबायला याहून जुना आधार कशाला हवा?

तेलाने काय साधतं तेही समजून घ्या. तेल हवा अडवतं, माश्या अडवतं, कातडी सुकू देत नाही. पण आतड्यातल्या बऱ्याचशा जिवाणूंना हवा लागतच नाही, त्यामुळे आतून चाललेलं काम तेलाला थांबवता येत नाही. इजिप्तच्या लोकांनी नेमकं तेच ओळखलं होतं. त्यांनी डाव्या कुशीला चीर देऊन आतडी, जठर, यकृत, फुप्फुसं आधी बाहेर काढली, हृदय आत राहू दिलं, आणि मग शरीर नॅट्रॉन नावाच्या खारात पुरून कोरडं केलं. नॅट्रॉन म्हणजे धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि मीठ यांचं निसर्गात सापडणारं मिश्रण. सगळा विधी ७० दिवसांचा, त्यातले ४० सुकवण्याचे. १९९४ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला दोन संशोधकांनी देहदानातून आलेल्या एका शरीरावर ही पद्धत करून पाहिली. एका माणसाला अडीचशे किलोंहून जास्त खार लागला आणि ३५ दिवसांत वजन निम्म्याच्या आसपास आलं. जे गेलं ते पाणी.

अडीचशे किलोंचा हा आकडा मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे पुरताना खड्ड्यात मीठ टाकतात, आणि ‘मिठाने लवकर माती होते’ असं सर्रास म्हणतात. दोन-चार किलो मिठाने शरीराला ना लवकर ना उशिरा, फारसा काहीच फरक पडत नाही. भरपूर मीठ घातलं तर उलट होतं, शरीर टिकतं. लोणच्याला जे लागू तेच इथे लागू. प्रथा म्हणून जरूर टाका, त्याला दुसरं काम सांगू नका.

ममी बघायला लांब जायला नको. हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयात एक आहे. ती नायट्रोजन भरलेल्या काचपेटीत ठेवलीय, कारण इतकी शतकं टिकलेलं शरीरही हवेतल्या प्राणवायूने आणि दमटपणाने पुन्हा बिघडायला लागतं. आणि थांबण्याची परंपरा म्हणाल तर इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे तोराजा लोक माणूस गेल्यावर त्याला महिनोन्‌महिने, कधी वर्षभर आणि त्याहूनही जास्त घरातच ठेवतात. रेडे कापून मोठं कार्य करण्याची ऐपत येईपर्यंत त्याला मेलेला म्हणत नाहीत, आजारी म्हणतात, त्याचं ताट वाढतात. पूर्वी देह टिकवायला झाडपाला वापरत, आता फॉर्मॅलिन नावाचं रसायन टोचतात.

आता आपलं सोलापूर. मे महिना, पारा ४२-४३ वर, वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री दहालासुद्धा तापलेला. शरीर बिघडतं ते आतून, आणि त्याची पहिली खूण ठरलेल्या जागी दिसते: पोटाच्या उजव्या बाजूला खाली, जिथे अपेंडिक्स दुखतं तिथे, हिरवट डाग. मोठ्या आतड्याची सुरुवात तिथे पोटाच्या भिंतीला अगदी लागून असते. जिवाणूंनी तयार केलेला वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला भेटतो आणि हिरवा रंग येतो. उन्हाळ्यात याला १२ ते १८ तास लागतात, थंडीत एक ते दोन दिवस. त्यानंतर पोट फुगतं, शिरा जाळ्यासारख्या उमटतात. म्हणजे सकाळी गेलेल्या माणसाला काहीच न करता दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवणं मे महिन्यात जमत नाही. ज्यांना मधुमेह होता, अंगात जंतुसंसर्ग होता, तापात गेले किंवा अंगाने स्थूल होते, त्यांच्या बाबतीत हे सगळं आणखी लवकर होतं.

उपाय थंडीचा. ४ अंशांच्या आसपास जिवाणूंचं काम थांबत नाही, पण इतकं मंदावतं की दोन-तीन दिवस निभावतात. सिव्हिलच्या किंवा मोठ्या खाजगी दवाखान्याच्या शवागारात जागा मिळाली तर उत्तम. घरीच ठेवायचं असेल तर भाड्याने मिळणारी काचेची फ्रीझर पेटी आणा, पण तिची एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पेटीवर दिसतो तो आकडा आतल्या हवेचा असतो, शरीराचा नसतो. साठ-सत्तर किलोचं, ३७ अंशांचं शरीर आत ठेवलं की पोटाच्या आत थंडी पोचायला आठ-दहा तास सहज जातात, आणि बिघाड सुरू होतो तो पोटातच. म्हणून ‘सगळे नातेवाईक बघून जाऊ देत, संध्याकाळी पेटी आणू’ हा हिशेब चुकतो. संध्याकाळी तिथे हिरवं पडलेलं असतं आणि मग दोष पेटीला दिला जातो.

पेटी घरात आल्या आल्या रिकामीच सुरू करा. अंगावर सोलापुरी चादर असेल तर ती काढा. जी चादर जिवंत माणसाची ऊब धरते ती मेलेल्याचीही धरते. एक पातळ सुती कापड पुरे, चादर अंत्ययात्रा निघताना वरून घाला. हारांचा ढीग आत नको, एखादा छातीवर ठेवा. अंगाखाली प्लास्टिक अंथरू नका, त्यावर पाणी साचतं आणि भिजलेली कातडी सुटून येते. दर्शनासाठी झाकण उघडायची गरज नाही, काच त्यासाठीच आहे. दर पाहुण्याला उघडून दाखवलं की तासाभराची थंडी जाते. पेटी घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालेल असं धरून चालू नका. लाईट जाणार असेल तर जनरेटरचं आधीच विचारा.

पेटी मिळतच नसेल तर बर्फ. इथे हमखास होणारी चूक म्हणजे लाद्या अंगाखाली ठेवणं. त्याने पाठ गार होते, पोट तसंच राहतं, आणि वितळलेल्या पाण्यात शरीर भिजत पडतं. बर्फ फोडून जाड पिशव्यांत भरा, तोंड बांधा, आणि पोटावर, दोन्ही जांघांत, काखेत, मानेच्या दोन्ही बाजूंना लावा. मध्ये टॉवेल घाला आणि दर दोन-तीन तासांनी पिशव्या बदला. खोलीला एसी असेल तर १६ वर. दिवसा माश्यांना सांभाळा. त्या नाकपुडीत, ओठांच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात अंडी घालतात आणि उन्हाळ्यात एका दिवसात अळ्या दिसतात. नाकात कापूस आणि चेहऱ्यावर पातळ मलमल पुरते.

ताठरपणा येण्याआधी करायच्या गोष्टी लहान आहेत, पण नंतर कितीही जीव तोडला तरी होत नाहीत. पापण्या मिटवून मिनिटभर धरा, वर ओला कापूस ठेवा. हनुवटीखालून टाळूपर्यंत फडकं बांधा. हातपाय सरळ करा, पायाचे अंगठे एकत्र बांधा. आपल्या उन्हाळ्यात जबडा तासा-दोन तासांत धरायला लागतो आणि बारा तासांत सगळं अंग ताठ होतं. नेत्रदान करायचं असेल तर डोक्याखाली उशी घ्या, पंखा बंद करा आणि नेत्रपेढीला लगेच कळवा. सहा तासांची मुदत असते.

कुशीवर वळवताना दोन गोष्टींनी घर हादरतं. छातीतली उरलेली हवा घशातून बाहेर येते आणि कण्हल्यासारखा आवाज होतो. आणि पाठीवर जांभळे-निळे चट्टे दिसतात. ते मारल्याचे वळ नसतात. थांबलेलं रक्त वजनाने खाली उतरतं, म्हणून ते पाठीला दिसतं, आणि जिथे अंग जमिनीला टेकलेलं असतं तिथे मात्र कातडी पांढरी राहते. एवढं माहीत नसल्यामुळे सुनेवर, सेवा करणाऱ्या बाईवर संशय घेतला जातो. तो त्यांच्यावर फार मोठा अन्याय आहे.

लिंगायत घरांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण तिथे पाय सरळ करायचे नसतात. देह पद्मासनात बसवून, हातात इष्टलिंग देऊन समाधी द्यायची असते. त्यामुळे मांडी पहिल्या दोन तासांत घाला, पाठ भिंतीला टेकवा, कपाळावरून पट्टी घेऊन मागे बांधा. थांबायचं असेल तर अडचण पेटीची आहे, ती आडव्या देहासाठी केलेली असते. गुडघे दुमडलेले राहतील इतकी उंच पेटी मिळते का ते आधी विचारा. नाही मिळाली तर बाहेर काढल्यावर आधी कंबर, मग गुडघा असा एकेक सांधा दोन्ही हातांनी धरून सावकाश दुमडा. पुरता आलेला ताठरपणा एकदा मोडला की परत येत नाही. झटका देऊ नका, म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडतं.

या समाधीच्या खड्ड्यात एका भिंतीत कोनाडा कोरतात आणि देह त्यात बसवतात. आपल्याच गावातल्या मुस्लिम कब्रस्तानात बगली कबर बघा. तिथेही खड्ड्याच्या पश्चिमेच्या भिंतीत, तळाशी कोनाडाच असतो. देह उत्तरेला डोकं करून, उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला मक्केकडे. पद्धती अगदी निराळ्या, पण माती थेट अंगावर पडू नये ही काळजी दोन्हीकडे सारखीच आहे. कोनाड्याला जमीन मात्र घट्ट लागते. मुरमात तो उभा राहतो, भुसभुशीत किंवा पाणी प्यालेल्या काळ्या मातीत ढासळतो. म्हणून तशा जागी संदूकी कबर घेतात, म्हणजे मधोमध चर आणि वर फरश्या. बसवून पुरणं आपल्या भागाला नवं नाही. भीमेच्याच खोऱ्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात चार पायांचा मातीचा रांजण निघाला. आत बसवलेल्या पुरुषाचा सांगाडा होता, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा. त्याच गावात लहान मुलं दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरलेली सापडली. आई-वडिलांनी त्यांना घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांहून जास्त थांबायचं असेल किंवा विमानाने न्यायचं असेल तर एम्बामिंग, म्हणजे रसायन भरून देह टिकवणं. हे घरी होत नाही, दवाखान्यात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात होतं. जांघेतली किंवा मानेतली धमनी उघडून फॉर्मॅलिन, स्पिरिट, ग्लिसरीन वगैरेंचं आठ-दहा लिटर द्रावण आत सोडतात. जितक्या लवकर कराल तितकं चांगलं. गुठळ्या झाल्या की द्रावण बोटांपर्यंत पोचत नाही, आणि पोस्टमॉर्टेम झालेलं असेल तर रक्तवाहिन्या कापलेल्या असल्यामुळे प्रत्येक हातपाय वेगळा भरावा लागतो. दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. कावीळ होती का, कारण फॉर्मॅलिनने पिवळी कातडी हिरवी पडते. आणि देह बसवायचा आहे का, कारण फॉर्मॅलिनने धरलेला गुडघा नंतर दुमडत नाही.

दहन असेल तर छातीत पेसमेकर होता का ते आठवा आणि निघण्याआधी डॉक्टरकडून काढून घ्या. आगीत त्याची बॅटरी फुटते.

आणि धाकटा पोचल्यावर. पेटीतून काढून बाहेरच्या गरम हवेत आणलं की दोन-चार मिनिटांत वडिलांच्या चेहऱ्यावर दव धरतं. गालांवर, पापण्यांवर थेंब दिसतात आणि बायका म्हणतात, बघा, लेकाला बघून डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा कुणाला काही समजावत बसू नका. धुतलेलं जुनं धोतर किंवा मऊ सुती रुमाल हाताशी ठेवा आणि तो मुलाच्या हातात द्या. पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. गार कातडी नाजूक असते.