भेगा, सरपण आणि खुराडं

परवा रात्री किड्यांमुळं पसरणाऱ्या चागास नावाच्या आजारावर वाचत बसले होते, कुठल्या घराला धोका जास्त ते बघितलं आणि म्हटलं हे तर आमचं मंगळवेढ्याकडचं माळवदाचंच घर की ओ. मातीच्या भिंती, त्यात बोट जाईल एवढ्या भेगा, भिंतीला लावून रचलेलं सरपण न् तुराट्या, आतल्या खोलीत खुराडं, बाजेखाली कुत्रं. घाबरू नका, आपल्या सोलापुरात हा आजार नाही, तो पसरवणाऱ्या जातीचे काही किडे भारतात आहेत पण चागास ज्याच्यामुळं होतो तो सूक्ष्म परजीवी अमेरिका खंडातला.

किडा ढेकणासारखाच रक्त पिणारा पण चांगला बोटाच्या पेराएवढा, तिकडं किसिंग बग म्हणतात, दिवसा भेगेत दडतो आणि रात्री झोपलेल्या माणसाच्या तोंडावर येऊन रक्त पितो. रोग चावण्यातनं होत नाही बरं का, रक्त पिता पिता तो तिथंच हगतो आणि आपण झोपेत खाजवलं की परजीवी असलेली ती घाण जखमेत नायतर डोळ्यात जाते, मग कित्येक वर्षांनी काहींचं हृदयच दुबळं पडतं. 1909 मध्ये कार्लोस चागास या डॉक्टरनं ब्राझीलमध्ये हे शोधलं, गेला होता रेल्वेच्या कामावर मलेरिया आवरायला.

मला खरं नवल वाटलं ते कोंबड्यांचं. कोंबडीला हा परजीवी लागतच नाही, पण किड्यांना रात्रभर फुकट जेवण मिळतं आणि त्यांची पैदास वाढत जाते. कुत्र्याच्या अंगात मात्र परजीवी टिकतो. म्हणजे एक किडे पोसतंय न् दुसरं त्यांना रोग देतंय, आणि दोघं माणसांच्याच खोलीत झोपायला.

लोक लगेच मातीच्या घराला नावं ठेवतात, मला ते पटत नाही. दोष भेगांचा आणि अडगळीचा. नुसती फवारणी केली तर काही महिन्यांनी औषधाचा जोर उतरतो आणि आजूबाजूचे किडे परत त्याच भेगेत येतात, म्हणून ग्वाटेमालात काही गावांनी जवळपासचीच माती, वाळू, चुना कालवून भिंती गुळगुळीत लिंपून घेतल्या, घरं मातीचीच ठेवली.

इकडं विंचवाच्या भीतीनं तरी सरपण भिंतीपासून लांब ठेवू, खुराडं अंगणात नेऊ, असं सासूबाईंना म्हटलं. सरपणाला तयार झाल्या. खुराड्याचं काढलं तर म्हणाल्या, "भाईर मुंगूस नेतंय कोंबड्या, तू भरून देतीस का?"