वन्संना दिलेला बाऊल

कुपवाड एमआयडीसीत आमचं काम म्हणजे हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या. कॉईल बदलायच्या, विटा भरायच्या, थर्मोकपल, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणारी तार, गेलं की रात्री-अपरात्री पळायचं. लोखंड लाल करून तेलात बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांची सवय, त्यामुळं गावभागातनं एका ताईंचा फोन आला, "दादा, घरात काचेची भट्टी लावलीय, पण सगळं फुटतंय", तेव्हा आधी राँग नंबरच वाटला.

भट्टी वरच्या मजल्यावर होती, 2019 चं पाणी बघितलेलं माणूस किमती वस्तू खाली ठेवत नाही. पण वायरिंग बघून डोकंच फिरलं. साडेतीन किलोवॅटचा लोड आणि तो दीड स्क्वेअर एमएमच्या बारीक वायरवर, लाईटच्या बोर्डातनंच काढलेल्या पॉईंटला, प्लग भाजून पिवळा. "वायरमन म्हणला चालतंय की." सांगलीतली अर्धी घरं या 'चालतंय की' वरच उभी आहेत. मेन बोर्डापासून चार स्क्वेअर एमएमची कॉपर वायर आणि वेगळा एमसीबी, तोवर भट्टी बंद, असं सांगूनच पुढचं बघायला घेतलं.

भट्टी म्हणजे लॅबमधली सेकंडहँड मफल फर्नेस, पुढं दार असलेली पेटीसारखी विजेची भट्टी. विकणाऱ्यानं एकच गुण सांगितलेला, बाराशे डिग्रीला जाते. काचेवर काच आठशेच्या आसपास जुळून येते, मग बाराशेचं काय लोणचं घालायचंय? काचेचा सगळा खेळ खाली येतानाचा. खिडकीची काच साडेपाचशेच्या आसपास थांबवायची, आतबाहेर एकसारखी होऊ द्यायची, मग अगदी हळू उतरवायची, आणि जाडी वाढली की वेळ त्याच्या कितीतरी पट वाढतो. इथं साधा ऑन-ऑफ कंट्रोलर, आत विटांऐवजी सिरॅमिक फायबर, म्हणजे स्विच बंद केला की भट्टी धडाधड थंड. कॉईल दोन्ही बाजूंना, पुढं दार. माझं थर्मोकपल आत फिरवून बघितलं तर मागं आणि दाराजवळ चाळीसेक डिग्रीचा फरक.

ताईंनी फुटलेले सगळे तुकडे बुटाच्या खोक्यात जपून ठेवले होते, हे मला लई आवडलं. आमच्या कारखानदारांना मोडलेला पार्ट दाखवा म्हटलं तर तो भंगारात गेलेला असतो. तडा गेलेली कडा वितळून गोल झाली असेल तर काच तापताना फुटली, धारदार असेल तर उतरताना. खोक्यातल्या बहुतेक कडांनी बोट कापलं असतं. दोन-तीन ताटल्यांत मात्र तडा बरोबर हिरव्या तुकड्याच्या कडेकडेनं गेलेला, ती बाटलीची काच खिडकीच्या काचेवर ठेवलेली. दोन्हींचं प्रसरण वेगळं, तिथं भट्टी कितीही भारी आणा, उपयोग नाही.

मग अख्खी राहिलेली एक ताटली घेतली. लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन लावली, त्यांच्या मुलाचा पोलराईज्ड गॉगल डोळ्यांपुढं धरून स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवला आणि मधे ताटली धरली. काळ्यावर कडेनं पांढरे पट्टे चमकायला लागले. तो सगळा आत कोंडलेला ताण. ताई गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "एक अशीच कपाटात ठेवल्या ठेवल्या रात्री तडकली होती, आम्हाला वाटलं मांजर."

पहिलीच भट्टी घेणाऱ्यानं रुंद, उथळ, झाकणात कॉईल असलेली घ्यावी, वरून एकसारखी आच बसते. रॅम्प-सोक कंट्रोलर, म्हणजे ठरवलेल्या वेगानं तापवणारा-उतरवणारा आणि मधे थांबवणारा, हवाच. एसएसआर, म्हणजे कॉईलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, त्याच्या जोडीला करंट तोडायला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा रिले, पण हवा, कारण एसएसआर मेला की बऱ्याचदा चालूच अडकतो आणि घरातली माणसं झोपलेली असतात. झाकण उघडलं की करंट तुटणारा स्विच तर पाहिजेच. हे सगळं लिहून कोटेशन दिलंय. ताईंना जुनीच सुधारून हवीय, मी म्हणतोय नुसता कंट्रोलर बदलून दाराकडचा थंडपणा जाणार नाही.

ते ठरेल. माझ्या डोक्यात वेगळंच अडकलंय. त्याच खेपेतला एक बाऊल ताईंनी नणंदेला वास्तुशांतीला दिलाय. मी म्हटलं, परत मागा. "वन्संना दिलेली वस्तू परत मागू? दादा, तुम्ही आमच्या घरी राहून बघा!" म्हटलं बरं, निदान त्यात गरम आमटी ओतू नका एवढं तरी कळवा. काल फोनवर विचारलं तर अजून कळवलं नाही म्हणाल्या, आणि तो बाऊल तिकडं रोज जेवायला घेतात म्हणे.